रेघेमागचा माणूस

माझ्या पाठीचे कातडे सुटले आहे. पहिली दोन पाने कसरीने कुरतडली आहेत आणि मला अजून तारली माशांच्या तेलाचा वास येतो. तीनशे वर्षे झाली, तरी तो जात नाही. मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. लंडनमध्ये छापले गेले, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर वाचले गेले आणि साऱ्या आयुष्यात एकच वाईट काम केले. तेही जन्मल्या जन्मल्या, माझ्या पहिल्याच पानावर, मला काही कळायच्या आधी. ते मनात ठेवून आता जड झाले आहे. म्हणून सांगते.

माझा जन्म चिंध्यांतून झाला. जुने सदरे, चादरी, खलाशांच्या विजारी असे काय काय गोळा होऊन कागदाच्या कारखान्यात येई. म्हाताऱ्या बायका ते निवडत, गुंड्या तोडून बाजूला टाकत. मग ते कुजवायचे, कुटायचे, त्याचा लगदा चाळणीवर धरायचा, की झाला कागद. कागद कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून आलेला असतो, हे मी कधी विसरले नाही.

छापखान्यात जुळारी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून माझ्या ओळी जुळवत होता. दोन गडी शाई थापून दाब देत होते. ओले ताव वर दोऱ्यांवर टांगत, जसे कोळी मासे वाळत घालतात. मी तशी टांगलेली असतानाच मला लिहिणारी बाई खाली आली. तिचे नाव ज्युडिथ वेल. विधवा होती, अंगाने किरकोळ, सारखी खोकत असे. दुकानाचा मालक जेबेझ क्रोल हा लठ्ठ, बोलका माणूस. माझे ताव हातात घेऊन तो तिला विचारू लागला.

"जहाजाचं नाव काय ठेवलंत, बाई?"

"लार्क."

"असं जहाज आहे का कुठं?"

"होतं. जुन्या वर्तमानपत्रात चीज गुंडाळून आलं होतं, त्यात बुडालेल्या जहाजांची यादी होती. फॅलमथहून निघालेलं, परत न आलेलं. नाव गोड वाटलं, घेतलं. खऱ्याचं एक बोट धरलं की बाकीचा हात आपोआप खरा वाटतो."

"आणि माणसांची नावं?"

"पहिलं अक्षर आणि पुढं लांब रेघ. तुम्हीच तर सांगता तसं करायला."

"उत्तम. रेघ दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, इथं कुणीतरी खरा माणूस झाकून ठेवलाय."

दोघेही हसले. त्या हसण्यात दुष्टपणा काही नव्हता. त्या काळी सगळेच तसे करत. मग माझ्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले गेले: ‘मोरोक्कोच्या कैदेतील सात वर्षे. लार्क जहाजावरील एका कप्तानाची खरी हकीकत. त्याने स्वतः लिहिलेली.’ समोरच्या पानावर वादळातल्या जहाजाचे चित्र आले. मला मेंढीचे कातडे चढले. ‘खरी’ हा शब्द माझ्या अंगावर सर्वांत ठसठशीत होता आणि मला त्याचा फार अभिमान वाटे.

एका फेरीवाल्याच्या पेटीतून, सुया आणि फितींबरोबर, मी पश्चिमेला गेले. ट्रुरोच्या बाजारात मला डिगरी कीस्ट नावाच्या माणसाने उचलले. तो पिंपे करणारा सुतार होता. हात लाकडासारखे टणक. त्याला वाचता येत नव्हते. त्याने माझ्यातले जहाजाचे चित्र पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मला कोटाच्या आत घालून घरी नेले. त्याचे लग्न ठरले होते आणि ठरलेल्या बायकोला वाचता येत होते. गावात ती एकटीच बाई अशी, म्हणून त्याला तिचा केवढा अभिमान. तिला काय द्यावे याचा तो महिनाभर विचार करत होता.

ती थॉमसिन. पोर्थगॅरो गावातल्या लव्हडे नॅन्स या म्हातारीची सून. लव्हडेच्या एकुलत्या मुलाशी, पास्कोशी, तिचे लग्न झाले आणि पाचच महिन्यांत पास्को जहाजावर गेला. राणी वारली आणि जर्मनीहून नवा राजा आला, त्या वर्षीची ही गोष्ट. जहाज परत आले नाही. आठ वर्षे सासू-सून एका चुलीपाशी राहिल्या. मधे मोरोक्कोच्या बादशहाने चाच्यांनी जहाजांवरून पकडून नेलेले कैदी सोडले, त्यांच्या नावांची यादी चर्चच्या दारावर लागली. थॉमसिनने ती दोनदा वाचली. पास्को तीत नव्हता. त्यानंतर लव्हडेनेच एक दिवस सुनेला समोर बसवले होते.

"समुद्राकडं बघून झालं तुझं, पोरी. आता माणसाकडं बघ. डिगरी वाईट नाही. बोलत नाही फारसा, पण न बोलणारा नवरा म्हणजे देवाची कृपाच."

सात वर्षे पत्ता नसलेला नवरा कायद्याने मेलेला धरत. तेव्हा अडचण काहीच नव्हती. नियमाप्रमाणे चर्चमध्ये तीन रविवार लग्नाची घोषणा व्हायची, कुणाची हरकत नसेल तर लग्न. मी गावात आले तेव्हा पहिली घोषणा झाली होती.

तारल्यांचा हंगाम होता. किनाऱ्यालगतच्या कोठीत गावातल्या सगळ्या बायका मासे खारवत होत्या. मिठाचा एक थर, माशांचा एक थर, अशी छातीइतकी भिंत रचायची. तिच्यातून तेल आणि खारे पाणी पाझरून पन्हळीत जाई. दिवसभर उभे राहून कंबर मोडे. त्यांनी थॉमसिनला एका पालथ्या पिंपावर बसवले आणि म्हणाल्या, तुझ्या वाटणीचे मासे आम्ही रचतो, तू वाच.

"डिगरीनं पिंप सोडून पुस्तक आणलं," पेटरनेल म्हणाली. ही शेजारीण, तोंडाची फटकळ. "उद्या पाळणा म्हणून काय आणील, देव जाणे."

"पिंपच आणील," दुसरी म्हणाली. "अर्धं कापून."

थॉमसिन हसली आणि तिने माझे पहिले पान उघडले. जहाजाचे नाव तिच्या तोंडून आले आणि हसणे थांबले. माशांवर मीठ पडत होते तेही थांबले. लव्हडे मिठाची टोपली घेऊन दारात उभी होती. ती टोपली तिने खाली ठेवली.

"लार्क?"

"हो, आई."

"आपलं लार्क?"

"फॅलमथहून निघालेलं, असं लिहिलंय."

"वाच पुढं."

त्या दिवशी थॉमसिनने अंधार पडेपर्यंत वाचले. दुसऱ्या दिवशीही. वादळ, चाच्यांची गलबते, साखळ्या, बादशहाच्या भिंतींसाठी चुना वाहणारे कैदी. ज्युडिथ वेल कधी लंडनबाहेर गेली नव्हती, पण लिहायची छान. तिसऱ्या दिवशी एकशे एकतिसावे पान आले. त्यावर असे छापले आहे:

‘आमच्यात कॉर्नवॉलचा एक तरुण होता, प—— न——. केस भुरे, कामात नेहमी गाणारा. आमची सुटका झाली त्याच्या आधीच त्याला आत डोंगरात दुसऱ्या मालकाकडे नेले. जाताना तो मला म्हणाला, माझ्या आईला भेटलास तर सांग की मी जिवंत आहे. तिने माझी वाट पाहावी.’

थॉमसिनने ते वाचले. लव्हडे तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसली, माशांच्या खवल्यांत.

"परत वाच."

तिने परत वाचले.

"ती अक्षरं मला दाखव. पास्कोची."

थॉमसिनने बोट ठेवले. लव्हडेने त्याच जागी आपला अंगठा ठेवला. तेल लागलेला, मिठाने चिरलेला तो अंगठा. ज्या रेघेमागे कुणीही नव्हते त्या रेघेवर तो कितीतरी वेळ होता. मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर! पण पुस्तकाला त्याच्यावर छापलेले तेवढेच बोलता येते.

घरी आल्यावर दोघींचे बोलणे झाले. मी टेबलावर होते.

"आई, पास्को कधी गात नव्हता."

"तिथं शिकला असेल."

"चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवायचा. तुम्हीच चिडवायच्यात त्याला."

"कैदेत माणूस काय काय शिकतो. तुझ्या नवऱ्याचा निरोप आलाय आणि तू सुरावरून अडलीस?"

"निरोप मला नाही आला, आई. तुम्हाला आलाय. माझं नावसुद्धा नाही त्यात."

लव्हडेने चुलीत एक लाकूड सारले. मग म्हणाली, "लाजला असेल. चारचौघांत बायकोचं नाव कोण घेतं?"

डिगरी दुसऱ्या दिवशी आला. दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"जहाजाचं चित्र होतं म्हणून घेतलं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला आवडेल."

"आवडलं मला."

"तुला काय वाटतं? तो आहे?"

थॉमसिन म्हणाली, "मला वाटतं तो गेला. पण मला तसं वाटतंय, की तसं असलं तर बरं असं वाटतंय, तेच मला कळत नाही. म्हणून मला माझा भरवसा नाही, डिगरी."

तो मान हलवून गेला. सुतार माणूस. जे सांधले जात नाही त्यावर जोर करत नसे.

तिसऱ्या रविवारी चर्च भरले होते. पाद्र्याने दोघांची नावे वाचली आणि नेहमीप्रमाणे विचारले, या लग्नास कुणाची हरकत असल्यास त्याने आत्ता सांगावे. लव्हडे मागच्या बाकावरून उठली. मी तिच्या हातात होते.

"माझी आहे. माझा मुलगा जिवंत आहे. इथं लिहिलंय."

तिने मला उघडले. तिला एक अक्षर येत नव्हते, पण पान तेच उघडले. पाद्र्याने चष्मा लावून ते वाचले, मग पहिले पान वाचले. मला माझा ठसठशीत शब्द लपवावासा वाटला.

"खरी हकीकत म्हणतात खरं," पाद्री म्हणाला. "स्वतः कप्तानानं लिहिलेली. चौकशी होईपर्यंत मला हे लग्न लावता येणार नाही."

पाद्र्याने लंडनला पत्र घातले. सहा आठवडे उत्तर आले नाही. जेबेझ क्रोल असल्या पत्रांनी मेणबत्ती पेटवत असेल. इकडे लव्हडेने पास्कोचा सदरा काढून उन्हात टाकला. कॉलर उसवून नवी लावली. डोंगरातून सुटायला किती दिवस लागतील, मोरोक्कोहून जहाज कुठल्या वाऱ्याने येते, हे ती बंदरावर ज्याला त्याला विचारी. माणसे खाली बघून उत्तरे देत. शेवटी थॉमसिन म्हणाली, "मी जाते. कप्तानाला तोंडावर विचारते."

"मी येतो," डिगरी म्हणाला.

"लग्नाआधी तुझ्याबरोबर लंडनला? पेटरनेलला वर्षभराचं खाद्य होईल."

लव्हडेने कप्तानासाठी लोकरीचे मोजे विणून दिले. "माझ्या पास्कोबरोबर राहिलाय तो," म्हणाली. "पाय गार पडत असतील त्याचे."

मालाच्या गाडीतून, पोत्यांच्या मधे, थॉमसिनने मला चौदा दिवसांनी माझ्या जन्मगावी आणले. मला वाटले होते आनंद होईल. दुकानात माझी भावंडे रांगेने मांडली होती, नवीकोरी, सगळ्यांच्या अंगावर तोच शब्द.

"कप्तान भेटतील का?" तिने विचारले.

जेबेझ क्रोल हसला. "कप्तान ना? वर माळ्यावर असतो. खोकतो फार, आणि घागरा घालतो. जा, जिना जपून चढ."

ज्युडिथ वेल खिडकीशी लिहीत बसली होती. थॉमसिनने मला तिच्यासमोर ठेवले, पान उघडले आणि अक्षरांवर बोट ठेवले.

"हा कुठं आहे?"

ज्युडिथने तिच्याकडे पाहिले, तिच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिले, आणि तिला कळले. मी पाहिले की तिला लगेच कळले.

"कुठंच नाही," ती म्हणाली. "बसा, बाई."

"रेघेमागं कुणीच नव्हतं?"

"नाही. दोन अक्षरं सुचली ती लिहिली."

"आणि जहाज? त्यावर अठरा माणसं होती. आमच्या गावचे तिघे."

"जहाज यादीतलं आहे. माणसांचा मी..." तिला खोकला आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "माणसांचा विचार नाही केला."

"मग खरी हकीकत असं का छापलंत? गोष्ट आहे म्हणून का नाही सांगितलंत?"

"गोष्ट म्हटलं की लोक म्हणतात, ही बाई खोटं रचते, पाप करते. पाद्री व्यासपीठावरून बोलतात. तीच गोष्ट खरी म्हणून दिली की तेच लोक म्हणतात, वाचून मन सुधारलं. खोटेपणाचा आळ नको म्हणून आम्ही सगळे खोटं लिहितो. मला वाटायचं, सगळ्यांना हे माहीत आहे."

"लंडनमध्ये असेल माहीत."

खाली दाबयंत्र धडधडत होते. थॉमसिनने विचारले, "तुमच्या मनात त्याचं पुढं काय झालं? डोंगरात नेल्यावर?"

"काही नाही. छपाईचे चौदा फर्मे भरले होते, मागितली तेवढी पानं झाली होती. पुस्तक संपवायचं होतं. मी विसरून गेले त्याला."

आठ वर्षे जे थॉमसिनच्या डोळ्यांत कुणी पाहिले नव्हते ते त्या माळ्यावर, परक्या बाईसमोर, आले. ती तोंड न झाकता रडली. ज्युडिथने तिला थांबवले नाही. मग तिने एक पत्र लिहून दिले. ही कथा मी मनाने रचली आहे, कप्तान नाही, प—— न—— नाही, आणि जहाजाचे नाव उचलल्याबद्दल मी त्या अठरा घरांची अपराधी आहे. खाली पूर्ण नाव, रेघ नाही.

"दुसरी आवृत्ती निघतेय," ती म्हणाली. "तो परिच्छेद मी काढून टाकते."

"काढून काय होणार? आईला तो पाठ आहे."

निघताना थॉमसिनने मोजे टेबलावर ठेवले. ज्युडिथ ते घेईना. थॉमसिन म्हणाली, "कप्तानासाठी विणलेत. कप्तान तुम्हीच आहात."

परतीच्या वाटेवर पत्र माझ्या पानांत होते. रात्री गाडी थांबे तेव्हा थॉमसिन ते काढून वाची, परत ठेवी. एकदा एका सरायमध्ये चुलीसमोर बसून तिने ते हातात धरले, आणि मला वाटले ती आता ते जाळणार. म्हातारीला सांगायचे, कप्तान वारला, पण पास्को आहे. मग आयुष्यभर सासूपाशी राहायचे, वाट पाहायची. तसे केले असते तर लव्हडे सुखाने मेली असती. मी थॉमसिनला दोष दिला नसता. तिने पत्र घडी घालून परत माझ्यात ठेवले.

लव्हडे फाटकापाशीच उभी होती. रोज उभी राहत असे म्हणे.

"भेटला कप्तान?"

"आत चला, आई."

"उभ्यानंच सांग. बसले तर उठायचं व्हायचं नाही माझ्यानं."

थॉमसिनने सांगितले. काही वगळले नाही. बाईने लिहिले, वर्तमानपत्रातून जहाज घेतले, अक्षरे अशीच सुचली. लव्हडे ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "छापलंय ते खोटं असतं?" आणि उत्तराची वाट पाहिली नाही. मग ती आत गेली, खुर्चीत बसली, आणि मला मांडीवर घेतले. पान उघडले. थॉमसिनपुढे धरले.

"वाच."

"आई, ते खोटं आहे."

"कळलं मला ते. वाच."

थॉमसिनने वाचले. माझ्या आईला भेटलास तर सांग की मी जिवंत आहे. लव्हडे डोळे मिटून ऐकत होती, जसे कुणी दुसऱ्याच्या चुलीशी हात शेकतो. आपले घर नाही, हे ठाऊक असून.

पुढच्या रविवारी पाद्र्याने ज्युडिथचे पत्र वाचले आणि चर्चमध्ये पुन्हा विचारले, कुणाची हरकत आहे का. सगळ्या माना मागे वळल्या. लव्हडे उठली. यावेळी तिच्या हातात काही नव्हते.

"हरकत नाही," ती म्हणाली. "माझा पास्को गेला."

आठ वर्षांत तिने हे कधी तोंडाने म्हटले नव्हते. सात वर्षे सरली तेव्हाही नाही. ‘समुद्राकडं बघून झालं’ एवढेच म्हणाली होती. पेटरनेल, जी कधी गप्प बसत नाही, तिने उठून नुसता लव्हडेचा हात धरला.

लग्न झाले. थॉमसिन टेकडीपलीकडे डिगरीच्या घरी गेली. लव्हडेने त्यांच्याबरोबर राहावे म्हणून डिगरीने एक खोली जोडली, पण ती गेली नाही. पास्कोचा नवी कॉलर लावलेला सदरा तिने डिगरीला दिला. त्याला तो खांद्यांत तंग होत असे, तरी तो दर रविवारी घालून येई. दर रविवारी दोघे येत. डिगरी लाकडे फोडून देई आणि थॉमसिन मला काढून एकशे एकतिसावे पान वाची. पुढची-मागची पाने कुणी उघडली नाहीत. जगाने मला विसरावे याचे मला दुःख नाही. लंडनमध्ये माझी भावंडे लवकरच जुनी झाली, मिठाईवाल्याच्या पुड्या झाली. माझे एक पान तेवढे जिवंत राहिले, आणि तेच माझे सर्वांत खोटे पान होते.

दोन-तीन वर्षे गेली असतील. एका रविवारी थॉमसिन वाचत असताना लव्हडे मधेच म्हणाली, "तिथं कुत्र्याचंही आहे ना? तो विचारतो, कुत्रं अजून आहे का?"

थॉमसिनने वर पाहिले. मग पानाकडे पाहून म्हणाली, "हो. ‘आपलं कुत्रं अजून आहे का, विचार,’ असं म्हणतो तो."

"हां. तेच. राहिलं होतं."

तेव्हापासून दर रविवारी काहीतरी राहिलेले निघे. त्याच्या लहानपणच्या तापाचे. वल्हे मोडून आला त्या दिवसाचे. आईने एकदा विनाकारण मारले होते, त्याचा राग नाही, असे. लव्हडे सांगे आणि थॉमसिन माझ्यावर नजर ठेवून वाची, जणू छापलेले आहे. एकदा लव्हडे हळूच म्हणाली, "आणि थॉमसिनला म्हणावं, तुझं नाव घ्यायचं राहून गेलं, तर राग धरू नकोस." थॉमसिनला ते वाचता आले नाही. दारातून डिगरीने ते शब्द म्हटले, वाचता न येणाऱ्या माणसाने, एकही शब्द न चुकता. यातले काहीही माझ्यात नव्हते. पास्को नॅन्स हा माणूस मला पहिल्यांदा तेव्हा कळला. तो गात नव्हता.

लव्हडे वसंतात आजारी पडली. शेवटच्या दिवशी थॉमसिनने मला उघडले तेव्हा ती म्हणाली, "ते नको. ते झालं. माझं उत्तर वाच."

थॉमसिनने पान उलटले. एकशे बत्तिसाव्या पानावर खेचरे आणि चुन्याच्या गोण्यांचा हिशेब आहे. त्यावर बोट ठेवून तिने वाचले, "पास्को, आई म्हणते, तुझा निरोप पोचला. सदरा चांगल्या माणसाच्या अंगावर आहे. तू आता तिची काळजी करू नकोस, आणि ती तुझी वाट पाहत नाही. ती स्वतःच येतेय."

"बरं लिहिलंय," लव्हडे म्हणाली.

मित्रांनो, आता मी एका मोठ्या ग्रंथालयात कपाटात आहे. शिकलेली माणसे हातमोजे घालून मला हाताळतात. जुन्या काळी लोक कल्पित कथा खऱ्या म्हणून कशा छापत, ते विद्यार्थ्यांना माझ्यावरून शिकवतात, आणि विद्यार्थी हसतात. त्यांनी हसावे. पण तुमच्यापैकी कुणी पुढे गोष्टी लिहील, म्हणून एवढेच मागते. गोष्ट रचा, हवी तेवढी रचा, पण ती गोष्ट आहे हे पहिल्या पानावर सांगा. ऐकणारा त्याने कमी ऐकत नाही. पोर्थगॅरोच्या कोठीत थॉमसिनने पिंपावर बसून आधी एवढेच वाचले असते की ही एका बाईने रचलेली कथा आहे, तरी त्या बायकांनी तिच्या वाटणीचे मासे रचलेच असते. एकशे एकतिसाव्या पानाला लव्हडे रडली असती, बाहीने डोळे पुसून पुन्हा मिठाची टोपली उचलली असती, आणि तिचा मुलगा एकदाच मेला असता.